जमिनीच्या पोटात काय आहे? : वस्तीलगतच्या दूषित जागांचा एक अभ्यास



विहारासाठी, अभ्यासिकेसाठी किंवा मुलांच्या वसतिगृहासाठी जागा घ्यावयाची असा विषय कोणत्याही मंडळाच्या बैठकीत निघाला की पहिला प्रश्न भावाचा असतो. दुसरा रस्त्याचा. तिसरा सातबाऱ्यावर नाव कुणाचे आणि बोजा किती याचा. हे तिन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु त्या जमिनीच्या पोटात काय आहे, हा चौथा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात या चौथ्या प्रश्नाचाच विचार करावयाचा आहे.

हा विषय मला कसा सुचला ते आधी सांगतो. आपल्या भागातीलच एका गावात एका संस्थेला वसतिगृहासाठी अगदी स्वस्तात जागा मिळाली. जागा सपाट, रस्त्याला लागून. सर्वांना आनंद झाला. बोअर मारली, पाणी लागले, आणि त्या पाण्याला रॉकेलसारखा वास येऊ लागला. मग शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना आठवले की पूर्वी तेथे गाड्या दुरुस्त करणारे गॅरेज होते आणि काळे तेल मागच्या खड्ड्यात ओतीत असत. पन्नास पावलांवर राहणाऱ्या माणसाला हे ठाऊक होते. त्याला कोणी विचारले नव्हते, एवढेच. मी विज्ञानाचा शिक्षक, खरेदीच्या आधी ती जागा पाहून आलो होतो, आणि मीही विचारले नव्हते.

स्वस्त जागा स्वस्त का असते?

ज्या जमिनीवर पूर्वी कारखाना, गोदाम, भंगाराचे दुकान, कचरा डेपो असे काही होते आणि त्यामुळे जिचा नव्याने वापर करणे अवघड किंवा धोक्याचे झाले आहे, अशा जमिनीला अमेरिकेत ‘ब्राऊनफील्ड’ म्हणतात. आपण तिला ‘दूषित पडीक जागा’ म्हणू. अशा जागा शहरात कोठे असतात याचा नकाशा काढला तर त्याच नकाशावर गरिबांच्या वस्त्याही सापडतात. हा योगायोग नव्हे. ज्याच्याकडे पैसा नाही, ज्याला चांगल्या आळीत कोणी घर देत नाही, तो नाल्याकाठी, रेल्वेलगत, गिरणीच्या मागच्या भिंतीला किंवा कचऱ्याच्या ढिगाशेजारी राहतो. गावात आपली वस्ती कोणत्या टोकाला होती हे आपल्या वाडवडिलांना सांगावे लागले नाही. शहराने तीच पद्धत वेगळ्या नावाने चालू ठेवली.

मुंबईचे देवनार पाहा. तेथील कचराभूमी १९२७ सालची. त्याच वर्षी मार्च महिन्यात महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. एका बाजूला माणसाने माणसाच्या पाण्याचा हक्क मागितला आणि दुसऱ्या बाजूला त्याच वर्षी शहराने आपला सर्व केरकचरा टाकण्यासाठी खाडीकाठची जागा ठरवली. पुढील काळात त्या ढिगाच्या पायथ्याशी शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर अशा वस्त्या वाढल्या. त्यात आपले लोक आहेत, मुसलमान बांधव आहेत, दुष्काळाने गाव सोडलेले मराठवाड्यातील लोक आहेत. कचरा वेचून अनेकांचे पोट भरते आणि त्याच कचऱ्याच्या धुराने त्यांची छाती भरते. २०१६ च्या जानेवारीअखेर त्या ढिगाला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती, आणि तिचा धूर अवकाशातील उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला. शहराच्या बाकीच्या भागाला देवनार तेव्हा आठवले. तेथे राहणाऱ्यांना ते रोजच आठवत होते.

विष जमिनीत कसे उतरते, माणसापर्यंत कसे येते

विद्यार्थ्यांनी येथे तीन शब्द लक्षात ठेवावेत: उगम, वाट आणि माणूस. विष जमिनीत आहे एवढ्याने इजा होत नाही. ते माणसापर्यंत पोहोचण्याची वाट उघडी असेल तरच इजा होते. म्हणून दूषित जागेचा अभ्यास म्हणजे या तिन्हींचा शोध, आणि इलाज म्हणजे तिघांपैकी एकाला तोडणे. उगम काढून टाका, वाट बंद करा, किंवा माणसाला त्या जागेपासून दूर ठेवा. हे समजले की पुढचे सर्व सोपे आहे.

आता उगम कोणकोणते ते पाहू. आपल्या जिल्ह्याचीच उदाहरणे घेऊ. कोल्हापूरचे उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव हा फौंड्रीचा भाग. ओतकामातून निघालेली जळकी वाळू वर्षानुवर्षे खड्डे भरण्यास वापरली जाते. ही वाळू सगळीच वाईट असते असे नव्हे, पण तिच्यात राळेचे व धातूचे अंश असू शकतात. हुपरीचा चांदीचा धंदा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. दागिने उजळण्यास व मुलामा देण्यास तेजाब आणि सायनाइडसारखी द्रव्ये लागतात. मुलामा देण्याचे छोटे कारखाने सर्व शहरांत असतात आणि त्यांचे सांडपाणी कोठे जाते हा प्रश्न सर्व शहरांत सारखाच आहे. चामड्याचे सांगायचे तर जुन्या पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावीत. त्याचा वास येई, पण जमिनीत शंभर वर्षे राहणारे विष त्यातून उतरत नसे. क्रोमने कातडे कमावू लागल्यावर मात्र गोष्ट बदलली. आपल्या समाजबांधवांच्या पिढीजात धंद्याला नाक मुरडणाऱ्यांनी हा फरक जरूर समजून घ्यावा.

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याचा धंदा सर्वांत वाईट. शिसे जमिनीत गेले की ते कुजत नाही, वाहून जात नाही, वरच्या मातीतच बसून राहते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग शरीरात शोषला जातो, तर लहान मुलाच्या शरीरात जवळजवळ निम्मा. मूल मातीत खेळते, हात तोंडात घालते. शिशाचे अमुक एवढे प्रमाण सुरक्षित आहे असे जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. त्याचा परिणाम मेंदूवर होतो. मूल वर्गात मागे पडते, चिडचिडे होते, आणि आपण शिक्षक त्याला ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतो. ज्या समाजाने शिक्षणावर आपली सारी आशा ठेवली आहे त्याने ही गोष्ट हलक्यात घेऊ नये.

गारगोटीसारख्या ठिकाणी असले कारखाने नाहीत म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? नाही. जुनी खताची व औषधांची गोदामे आठवा. एके काळी ‘गॅमेक्झिन पावडर’ घरोघर माहीत होती, पिकावर मारीत आणि गोठ्यातही टाकीत. त्या जातीच्या मूळ कीटकनाशकावर १९९७ पासून आपल्या देशात बंदी आहे, कारण ते माती, पाणी आणि प्राण्यांच्या चरबीत दीर्घकाळ टिकून राहते. पावडरची पोती ज्या गोदामात फुटली त्या गोदामाच्या फरशीखाली ती आजही असू शकते. जुन्या पेट्रोल पंपाची जमिनीत पुरलेली टाकी, रोहित्राचे गळलेले तेल, भराव टाकून बुजवलेली दगडाची खण हेही त्याच यादीत येते. बुजवलेल्या जागेबद्दल कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. कपिलतीर्थाच्या जागी आज भाजी मंडई आहे आणि वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान. पावसाळ्यात मैदानात पाणी साठते तेव्हा तळे आपली जुनी जागा सांगत असते. तळे बुजवताना काय काय टाकले हे मात्र ते सांगत नाही.

आपल्या भुदरगडात पाऊस भरपूर. तांबडी, सच्छिद्र माती आणि डोंगरउतार. वर टाकलेले पावसाबरोबर खाली येते आणि विहिरीत, ओढ्यात, शेवटी वेदगंगेत जाते. म्हणून जागा पाहताना तिच्या वरच्या अंगाला काय आहे तेही पाहावे.

गिरणीची जमीन

गिरणीचा उल्लेख केल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. कोल्हापूर, सातारा, कोकण येथून किती माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली! आपले लोकही गेले. पण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा इतरांना चालत नाही, हे कारण सांगितले जाई. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. श्रमिकांच्या एकीत ही फट आहे हे त्यांनी स्पष्ट दाखवले.

१८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि प्रश्न उरला जमिनीचा. मुंबईत ५८ गिरण्या आणि सुमारे ६०० एकर जागा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत असे ठरले की गिरणीची जागा विकसित करताना एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जागेची करायची नाही, फक्त रिकाम्या असलेल्या जागेची करायची, असा अर्थ निघाला आणि लोकांचा वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. या सर्व वादात कोणाला किती चौरस फूट यावर रणे माजली. पण शंभर वर्षे जेथे रंग, कॉस्टिक सोडा, ब्लिचिंग पावडर, भट्टीचे तेल, बॉयलरची राख आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे होते, त्या मातीची तपासणी करून मगच तेथे बाग आणि घरे करा, हा मुद्दा माझ्या वाचनात तरी पुढच्या रांगेत कधी आला नाही. कामगाराला घर मिळणे हाच इतका मोठा लढा होता की घराखालच्या मातीचा विचार करण्यास कोणाला सवड नव्हती. यात दोष कामगाराचा नाही.

दादरची इंदू मिल आपल्या सर्वांच्या मनातील. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते त्या जागेत शिरले, पुढे ती जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी देण्याचा निर्णय झाला आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झाले. साडेबारा एकरांच्या आसपासची ती जागा. वापर संपलेल्या औद्योगिक जमिनीचे सार्वजनिक कामासाठी पुनरुज्जीवन कसे होऊ शकते याचे हे आपल्यासमोरचे उदाहरण होय. मुदती पुन्हा पुन्हा पुढे गेल्या, हेही खरे.

आणि आपल्या कोल्हापूरची शाहू मिल? राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली तिची पायाभरणी केली. संस्थानातील लोकांच्या हाताला काम मिळावे आणि कापसाचे सूत येथेच व्हावे हा हेतू. २००३ मध्ये ती बंद पडली. शहराच्या ऐन मध्यावर सुमारे २७ एकर जागा. तेथे महाराजांचे स्मारक व्हावे, वस्त्रोद्योग व्हावा, अशा योजना आल्या आणि गेल्या. २०२२ मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीला तेथे कार्यक्रम झाले तेव्हा अनेकांनी ती चिमणी आणि त्या शेड प्रथमच आतून पाहिल्या. माणगाव परिषदेत १९२० साली ज्यांनी आपल्याला आपला नेता दाखवला त्या राजाची ही मिल. तेथे पुढे जे काही होईल ते होण्याआधी रंगखात्याची, बॉयलरची आणि तेलाच्या टाकीची जागा कोणती होती हे जुन्या कामगारांकडून लिहून घेतले पाहिजे. ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या पाठोपाठ ही माहितीही जाईल.

तपास कसा करावा

पहिली पायरी कागदाची, पायाची आणि कानाची. सातबारा व फेरफार मागे जितके मिळतील तितके काढावेत. शहरात असल्यास मालमत्ता पत्रक पाहावे. बिगरशेती परवाना कशासाठी दिला होता ते पाहावे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय कोल्हापुरात आहे. तेथे त्या जागेवरील उद्योगाला कधी संमतीपत्र दिले होते काय, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. मग जागेवर चालत जावे. गवत कोठे उगवत नाही, माती कोठे काळी, पिवळी वा हिरवट आहे, पावसानंतर डबक्यावर तेलाचा तवंग येतो काय, जमिनीतून वर आलेले लोखंडी नळ आहेत काय, हे टिपावे. आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलावे. या एका गोष्टीला पैसा लागत नाही आणि तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

येथे एक सावधगिरी. आपल्याकडे ‘माती परीक्षण’ म्हटले की शेतकी प्रयोगशाळेचा अहवाल डोळ्यांपुढे येतो. त्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू आणि सेंद्रिय कर्ब असतात. तो अहवाल ‘उत्तम’ आला म्हणून जमीन विषमुक्त ठरत नाही. शिसे, क्रोमियम, आर्सेनिक, तेलाचे अंश, कीटकनाशके यांची तपासणी वेगळी मागावी लागते, वेगळ्या यंत्रावर होते आणि महाग असते. म्हणूनच पहिली पायरी नीट केली तर दुसरीचा खर्च वाचतो. गॅरेज होते हे कळले तर तेल आणि शिसे तपासावे, औषधांचे गोदाम होते हे कळले तर कीटकनाशके. सरसकट सगळे तपासण्यास कोणत्याच मंडळाकडे पैसे नसतात.

दुसरी पायरी नमुन्यांची. मूल जेथे खेळणार त्या जागेचा वरचा वीतभर थर घ्यावा. जेथे संशय आहे तेथे खोल खणून, प्रत्येक थराचा वेगळा. चांगल्या-वाईट जागेची माती एकत्र कालवून एकच नमुना दिला तर वाईट जागा चांगल्यात लपते, हे लक्षात ठेवावे. तुलनेसाठी जवळच्याच पण निर्दोष जागेची माती घ्यावी. विहिरीचे वा बोअरचे पाणी स्वच्छ बाटलीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमहून आणि एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. मातीबाबत बाहेरचे एक माप सांगतो. अमेरिकेत घरांच्या अंगणातील मातीत एक किलोला ४०० मिलिग्रॅम शिसे हे कित्येक वर्षे संशयाचे माप होते, २०२४ मध्ये ते २०० वर आणले. जसजसे ज्ञान वाढते तसतसे ‘चालेल’ म्हणण्याची रेषा खाली येते.

तिसरी पायरी इलाजाची. दूषित माती खणून काढणे हा सर्वांत खात्रीचा आणि सर्वांत महाग उपाय. पण ती काढून टाकली कोठे? दुसऱ्याच्या वस्तीत टाकली तर आपण इलाज केला नाही, विष फक्त दुसऱ्याच्या दारात नेले. दुसरा उपाय झाकण्याचा: चिकणमातीचा जाड थर, त्यावर स्वच्छ माती, त्यावर गवत किंवा फरशी. यात उगम राहतो, वाट बंद होते, म्हणून पुढे कोणी तेथे बोअर मारू नये, खणू नये, अशी नोंद कागदावर कायमची हवी. गोराईची कचराभूमी १९७२ पासून २००७ पर्यंत चालली आणि नंतर अशाच पद्धतीने बंद करण्यात आली. उतार दिला, झाकली, आतला वायू नळांनी बाहेर काढला आणि वर हिरवळ केली. तिसरा उपाय वनस्पतींचा. मोहरी, सूर्यफूल, वाळा यांची मुळे काही धातू ओढून घेतात. विद्यार्थ्यांना प्रयोग म्हणून हे फार आवडते. पण त्याला अनेक वर्षे लागतात, आणि ते पीक जनावरांना घालणे किंवा चुलीत जाळणे म्हणजे विष पुन्हा घरात आणणे.

घाई केली तर काय होते याचेही उदाहरण मुंबईतच आहे. मालाडच्या चिंचोली बंदर भागात जुन्या कचराभूमीवर कार्यालयांच्या चकचकीत इमारती उभ्या राहिल्या. काही वर्षांतच तेथील संगणक आणि वातानुकूलन यंत्रे वारंवार बिघडू लागली. जमिनीतून निघणाऱ्या वायूंनी आतले तांबे गंजत होते. कंपन्यांची यंत्रे बिघडली म्हणून बातमी झाली. देवनारला माणसे आजारी पडत होती त्याची एवढी बातमी होत नव्हती.

एका डॉलरची शाळा

अमेरिकेतील लव्ह कॅनॉल ही हकिगत प्रत्येक संस्थेच्या विश्वस्तांनी ऐकावी अशी आहे. न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स शहरात एक अर्धवट खणलेला कालवा होता. एका रासायनिक कंपनीने त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली आणि १९५३ साली ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. खरेदीखतात लिहिले की येथे रसायने पुरली आहेत, पुढे काही झाल्यास कंपनी जबाबदार नाही. शाळा मंडळाने जागा घेतली. तेथे शाळा झाली, भोवती कामगारांची घरे झाली. वीस-पंचवीस वर्षांनी तळघरांत काळा चिकट द्रव पाझरू लागला. लुईस गिब्ज नावाच्या एका गृहिणीने, मुलगा वारंवार आजारी पडतो म्हणून, दारोदार जाऊन कोणत्या घरात कोणता आजार आहे याची नोंद केली. तिच्याकडे विज्ञानाची पदवी नव्हती. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्षांना तेथे आणीबाणी जाहीर करावी लागली आणि पुढे आठशेहून अधिक कुटुंबे हलवण्यात आली. १९८० चा अमेरिकेचा दूषित जागांविषयीचा मोठा कायदा यातून आला, आणि २००२ चा ब्राऊनफील्डचा कायदा त्यानंतरचा.

आपल्याकडेही न्यायालयांनी ‘ज्याने घाण केली त्याने खर्च सोसावा’ हे तत्त्व मान्य केले आहे. राजस्थानातील बिछडी गावात रंगासाठी लागणारे रसायन बनवणाऱ्या कारखान्यांनी विहिरींचे पाणी लाल-तपकिरी करून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला. पण पैसे वसूल होईनात, म्हणून २०११ मध्ये न्यायालयाला ३७ कोटींहून अधिक रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश द्यावा लागला. भोपाळला १९८४ ची वायुगळती झाली आणि कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत तेथून हलवला गेला. चाळीस वर्षे! आणि आवारातील व भोवतालच्या जमिनीचा प्रश्न त्याने सुटला नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांविषयी स्वतंत्र नियम प्रसिद्ध केले. ते सभासदांनी समजून घ्यावेत. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी कळवायची. राज्य प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, आणि त्यानंतर आणखी तीन महिन्यांत सविस्तर. जागा दूषित ठरली तर ती जाहीर करायची, वावर रोखायचा, जबाबदार कोण ते ठरवायचे. देशात अशा १०३ जागा त्यावेळी नोंदलेल्या होत्या आणि प्रत्यक्ष सफाई सुरू झालेल्या केवळ सात. नियम चांगले आहेत. पण त्यांत एक मोठी पळवाट आहे, निदान मला ती पळवाट वाटते. कचरा डेपो या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. म्हणजे ज्या दूषित जागेशी गरीब वस्तीचा सर्वांत अधिक संबंध येतो, तिच्यासाठी वेगळे दार ठोठवावे लागते.

साफ झाल्यावर जागा कोणाची?

जागा घाण असते तोवर ती गरिबांची असते. ती साफ झाली की तिचा भाव वाढतो आणि मग प्रश्न येतो की तेथे राहायचे कोणी. याचे उलटेही घडते. चांगली जागा मोकळी करण्यासाठी गरिबांना घाण जागी नेले जाते. मुंबईत नाले, रस्ते, जलवाहिन्या यांसाठी ज्यांची घरे तोडली अशा हजारो कुटुंबांना माहुलला पाठवले. तेल शुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या उंबऱ्याशी. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तेथील हवेच्या प्रदूषणाची दखल घेतली आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांना तेथे जबरदस्तीने पाठवू नये, दुसरीकडे घर किंवा भाडे द्यावे, असा आदेश दिला. तो आदेश सहज मिळाला नाही. माहुलच्या बाया-बापड्यांनी विद्याविहारला पदपथावर महिनोन् महिने काढले.

आता धारावीच्या पुनर्विकासासाठी देवनारच्या कचराभूमीची १२४ एकर जागा देण्याचे २०२४ मध्ये ठरले. २०२५ मध्ये महापालिकेने तेथील सुमारे १८५ लाख टन जुना कचरा हटवण्यासाठी २३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. कचरा उकरून, चाळून, त्यातील माती, दगड, प्लास्टिक वेगळे करतात. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावरील ढिगाबाबत हेच तंत्र आपण ऐकले आहे. ढीग जाणे चांगलेच. पण ढीग गेला म्हणजे जमीन शुद्ध झाली असे नव्हे. जवळजवळ शंभर वर्षे कचऱ्याचे काळे पाणी खाली मुरले आहे. ढीग हलल्यावर खालची माती आणि भूजल पुन्हा तपासावे लागेल, वायू निघतो काय ते काही काळ मोजावे लागेल. चाळून निघालेली मातीही भाजीपाल्याच्या वाफ्यात घालण्याजोगी असेलच असे नाही. आणि ज्यांचे पोट त्या ढिगावर होते त्या वेचक बायकांचे पुढे काय, हे निविदेत लिहिलेले नसते. घरे देताना हे सर्व अहवाल मराठीत, वस्तीत, भिंतीवर लावले पाहिजेत. तशी मागणी करण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही, हे लुईस गिब्ज बाईंनी दाखवलेच आहे.

मघाशी सांगितलेल्या वसतिगृहाचे काय झाले, असे कोणी विचारील. संस्थेने ती बोअर बंद केली आणि नळाचे पाणी घेतले. गॅरेजचा खड्डा होता तेथे मुलांना बागकाम करण्यास मनाई केली, ती जागा फरसबंद करून सायकली लावण्यास दिली. उगम तसाच आहे, वाट बंद आहे. संस्थेच्या दप्तरात एक कागद लावला आहे: ‘नैऋत्य कोपऱ्यात खणू नये, जुने तेल आहे.’ पुढच्या कार्यकारिणीने तो कागद वाचावा म्हणून तो आता प्रत्येक वार्षिक सभेत वाचून दाखवतात. आणि यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत त्याच वसतिगृहातील अकरावी-बारावीची मुले गावातील जुनी गोदामे, गॅरेज, खणी आणि बुजवलेल्या विहिरी यांचा एक नकाशा म्हाताऱ्या माणसांना विचारून काढणार आहेत. ज्या सभासदांच्या आठवणीत अशी एखादी जागा असेल त्यांनी त्या मुलांना घरी बोलावून चहा द्यावा आणि जे आठवते ते सर्व सांगावे.